सरकारी बालभत्ता फक्त पहिल्या दोन मुलांपुरताच असावा का?

प्रश्न असा आहे : मुलांच्या संगोपनासाठी सरकार जे पैसे देतं, ते पहिल्या दोन किंवा तीन मुलांपुरतेच द्यावेत का? विचारणाऱ्यांनी सोबत दोन कारणंही मांडली आहेत. अट घातली तर लोक कुटुंब लहान ठेवतील, हे पहिलं. दुसरं असं, की जे स्वतःच्या कमाईचा अंदाज घेऊन दोन मुलांवर थांबले, त्यांच्या करातून दुसऱ्यांच्या चौथ्या मुलाचा खर्च का भागवायचा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अशी मर्यादा घालू नये. निदान जो पैसा मुलाच्या ताटात, अंगावर आणि दप्तरात जायचा आहे, त्याला तरी नाहीच. कल्याणकारी योजनांचे निकष लिहिणं आणि त्यांवर आलेल्या अर्जांची छाननी करणं या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यात अपत्यसंख्येची अट असलेल्या योजनाही होत्या. अटीमुळे कुणी तिसरं मूल टाळलं असं क्वचितच समोर आलं. खर्च मात्र दरवर्षी वाचला. ‘लोकसंख्या नियंत्रण’ हे तिचं कागदावरचं नाव, काम ती अर्थसंकल्पातल्या कपातीचं करते. कपात करायचा अधिकार सरकारला आहे. पण ती उशिरा जन्मलेल्या मुलांच्याच वाट्याला का यावी, याचं समाधानकारक उत्तर मला कधी मिळालं नाही.

इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण तिथे गंमत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी कुटुंबभत्त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता : पगार कामाकडे पाहून ठरतो, घरात खाणारी तोंडं किती आहेत हे मालक विचारत नाही. म्हणून एकाच गिरणीत एकाच पगारावर राबणाऱ्या दोघांपैकी एकाचं घर नीट चालतं आणि चार मुलं असलेल्याचं चालत नाही. १९४५ साली कायदा झाला आणि ऑगस्ट १९४६ पासून आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पहिल्या मुलाला मात्र काहीच नाही. भत्ता सुरू व्हायचा तो दुसऱ्या मुलापासून. पगारात एक मूल सांभाळता येतं, ओढाताण पुढच्या मुलांपासून सुरू होते, असा हिशेब त्यामागे होता. फ्रान्समध्ये आजही मूळ कुटुंबभत्ता दुसऱ्या मुलापासूनच सुरू होतो आणि तिसऱ्यानंतर वाढतो. थोडक्यात, ज्यांनी ही कल्पना रुजवली त्यांच्या लेखी मुलांची संख्या हेच गरजेचं कारण होतं. नंतरच्या लोकांनी तीच संख्या अपात्रतेचं कारण केली.

तेही ब्रिटनमध्येच घडलं. जुलै २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं की ६ एप्रिल २०१७ पासून जन्मणाऱ्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी युनिव्हर्सल क्रेडिट व चाइल्ड टॅक्स क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या योजनांमधला मुलामागचा हिस्सा मिळणार नाही. (जवळपास सरसकट मिळणाऱ्या ‘चाइल्ड बेनिफिट’ला ही अट कधीच नव्हती. चर्चेत या दोन्ही गोष्टींची हमखास गल्लत होते.) वगळलेल्या प्रत्येक मुलामागे कुटुंबाचं वर्षाला साधारण साडेतीन हजार पौंडांचं नुकसान. समर्थन असं होतं की सरकारी मदत घेणाऱ्यांनीही कमावत्या कुटुंबांसारखाच खर्चाचा विचार करून मुलं जन्माला घालावीत.

पुढे काय झालं ते सविस्तर पाहण्यासारखं आहे. अटीचा फटका बसलेल्या घरांमधली मुलं २०२५ पर्यंत सोळा लाखांच्या वर गेली. त्या घरांपैकी जवळपास ६० टक्के घरांत किमान एक जण नोकरी करत होता. ‘कमावती कुटुंबं’ आणि ‘मदत घेणारी कुटुंबं’ असे दोन वेगळे गट आहेत, हे गृहीतकच त्यामुळे लंगडं पडलं. आणि जन्मदर? संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा गरीब कुटुंबांमध्ये तिसऱ्या मुलाच्या जन्माचं प्रमाण अगदी किरकोळ घटलेलं दिसलं.

याची कारणं छाननीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला लगेच ओळखू येतात. पुष्कळांना मूल होईपर्यंत नियमच माहीत नव्हता. काहींची गर्भधारणा ठरवून झालेली नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बरीचशी कुटुंबं मूल जन्मलं तेव्हा मदत घेतच नव्हती. तिन्ही मुलं चांगल्या दिवसांत झाली. पुढे नोकरी गेली, आजार आला, नवरा-बायको वेगळे झाले किंवा दोघांतलं एक जण दगावलं आणि मग अर्ज करायची वेळ आली. मूल जन्माला घालायचा निर्णय आणि मदतीची गरज यांत अनेकदा पाच-सात वर्षांचं अंतर असतं. पाच वर्षांनी आपण विधवा होऊ, हे धरून कुणी कुटुंब आखत नाही. सामाजिक सुरक्षा असते ती अशाच दिवसांसाठी.

अपवादांची कहाणी त्याहून वाईट. जुळी मुलं, दत्तक मूल, नातेवाइकाचं सांभाळलेलं मूल यांना सूट होती. संमतीविना झालेल्या गर्भधारणेलाही होती. पण ती मिळवायची तर बाईने तसं लिहून द्यायचं आणि डॉक्टर किंवा समाजसेवकासारख्या व्यावसायिकाने ते पडताळायचं. भत्ता हवा असेल तर बलात्काराचा कागद आणा, असाच त्याचा अर्थ झाला. या तरतुदीवर तिथे वर्षानुवर्षं टीका होत राहिली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा कायदेशीर ठरवली होती, तरी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ती एप्रिल २०२६ पासून उठवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यामुळे २०२९-३० पर्यंत साडेचार लाख मुलं दारिद्र्यरेषेच्या वर येतील, असा सरकारचाच अंदाज होता. तसं असेल तर इतकी वर्षं ती त्या रेषेखाली कुणी ठेवली होती, हा प्रश्न आपोआप येतो.

अमेरिकेचा अनुभव जुना आहे. न्यू जर्सीने १९९२ मध्ये पहिला कायदा केला : मदत चालू असताना मूल झालं तर त्याच्यासाठी रक्कम वाढणार नाही. पुढे वीसहून अधिक राज्यांनी त्याची नक्कल केली. २००१ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने उपलब्ध अभ्यास तपासले आणि या मर्यादेमुळे जन्म घटतात की नाही याबद्दल ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने २०१९ मध्ये आणि सुरुवात करणाऱ्या न्यू जर्सीनेही २०२० मध्ये ती रद्द केली.

उलट बाजूही मांडायला हवी. इस्रायलमध्ये एके काळी पुढच्या क्रमांकाच्या मुलाला आधीच्यांपेक्षा कितीतरी जास्त भत्ता मिळायचा. २००३ च्या सुमारास तो कापून नव्या मुलांसाठी दर सपाट केला गेला आणि तिथल्या काही अभ्यासांत जन्मांवर परिणाम आढळला. पैशाचा काहीच प्रभाव पडत नाही असं म्हणणं त्यामुळे चुकीचं ठरेल. पण तिथे चढा दर खाली आणला होता, एखाद्या मुलाचा भत्ता शून्यावर नेला नव्हता. पोलंडने दुसऱ्या टोकाने प्रयत्न केला. एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दरमहा ५०० झ्लॉटी, २०१९ पासून सगळ्याच मुलांना, २०२४ पासून ८०० झ्लॉटी. जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, २०१५ मधल्या १.२९ वरून २०१७ मध्ये १.४५ पर्यंत चढला आणि मग घसरत २०२४ मध्ये १.१ च्या आसपास आला. भरघोस पैसे देऊनही लोक फार मुलं जन्माला घालत नसतील, तर थोडे पैसे अडवून ते थांबतील ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? चीनचं तर बोलायलाच नको. जादा मुलासाठी दंड वसूल करणारं ते सरकार २०२५ पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देतंय, पहिलं, दुसरं की तिसरं हे न पाहता.

आता करदात्याच्या तक्रारीकडे येतो. ती खोटी नाही. मध्यमवर्गीय जोडपं घरभाडं, शाळेची फी, आईवडलांची औषधं यांचा हिशेब करून थांबतं, आणि शेजारच्या घराला संख्येनुसार मदत मिळते हे पाहून त्याला राग येतो. अशा माणसाला मी दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे, भत्ता मुलांच्या खर्चाचा एक तुकडाच भरून काढतो. त्यावर नफा कमावून तिसरं मूल जन्माला घालणारं कुटुंब मला अजून भेटायचं आहे. दुसरं म्हणजे, आज ज्या मुलाचा भत्ता जातोय तेच मूल वीस वर्षांनी कर भरणार, तुमच्या म्हातारपणी रुग्णालयात काम करणार. ते अर्धपोटी वाढलं तर नुकसान सगळ्यांचंच. आणि काहीही म्हटलं तरी, ‘मी तिसरा’ हा त्या मुलाचा अपराध होऊ शकत नाही. शिक्षा आईवडलांना करायची म्हणून हत्यार उगारायचं आणि वार मुलावर करायचा, असा हा प्रकार होतो. बरं, घरातला पैसा काही मुलांच्या नावांनी वेगळ्या डब्यांत ठेवलेला नसतो. तिसऱ्याचे पैसे अडले की पहिल्या दोघांच्याही वाटणीतून तेवढं कमी होतं.

एक आक्षेप मात्र तांत्रिक आणि विचारात घेण्याजोगा आहे : थोरल्याचे कपडे धाकट्याला होतात, खोली तीच, पुस्तकं तीच, मग प्रत्येक मुलामागे सारखीच रक्कम कशाला? वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करताना ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचा सुधारित मापदंड सर्रास वापरला जातो. त्यात पहिल्या प्रौढाला १, दुसऱ्याला ०.५ आणि चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला ०.३ असा भार असतो. दोन प्रौढ आणि दोन मुलांचं घर २.१, तीन मुलांचं २.४, चार मुलांचं २.७. काटकसर त्यात धरलेलीच आहे, म्हणून तर मुलाचा भार प्रौढापेक्षा कमी आहे. पण तिसऱ्या मुलाचा भार शून्य धरलेला नाही, पहिल्याइतकाच आहे. म्हणून पुढच्या मुलांचा दर थोडा उतरता ठेवला तर मी वाद घालणार नाही. ब्रिटनच्या चाइल्ड बेनिफिटमध्ये थोरल्याला जास्त आणि बाकीच्यांना कमी अशीच रचना आहे. उतरता दर आणि शून्य दर यांत मात्र मोठं अंतर आहे.

भारतात आपल्याकडे पाश्चात्त्य धर्तीचा दरमहा बालभत्ता नाही. तरी संख्येची अट ठिकठिकाणी दडून बसलेली आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये द्यायचं म्हटलं, ‘केंद्राने आखलेल्या योजनेच्या अधीन राहून’ अशी पुस्ती जोडून. त्या पुस्तीतून २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली ती पहिल्याच अपत्यासाठी आणि ५,००० रुपयांची. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळू लागले. कायद्यातला ‘प्रत्येक’ असा योजनेत आक्रसला. बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे, पण आधीची दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर १२. तिसऱ्या बाळंतपणानंतर शरीर लवकर सावरतं असं कोणत्याही वैद्यकाने सांगितलेलं नाही, आणि बाळाला दूधही तेवढेच महिने लागतं. तामिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेची पहिल्या लग्नाची दोन मुलं तिच्या ताब्यात नव्हती, तरी दुसऱ्या लग्नातल्या मुलाच्या वेळी दोन अपत्यांचा नियम दाखवून तिची रजा नाकारण्यात आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रजा मंजूर केली.

दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला रोख मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतून मात्र आपण शिकलो. संस्थात्मक प्रसूतीचं प्रमाण चांगलं असलेल्या राज्यांत तिचा लाभ आधी एकोणीस वर्षांवरच्या आणि दोन जिवंत जन्मांपर्यंतच्या गरीब स्त्रियांनाच होता. कमी वयाच्या आणि वारंवार बाळंत होणाऱ्या स्त्रियांची प्रसूती जास्त जोखमीची, त्यांनीच दवाखान्यात यायला हवं, आणि नेमक्या त्याच वगळलेल्या! २०१३ मध्ये ही अट काढली गेली. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाला आणि अंगणवाडीतल्या आहाराला अशी अट कधीच नव्हती. ताट वाढताना ‘तू घरातला कितवा?’ असं विचारायची कल्पनाही कुणाला सहन होणार नाही. रोख रकमेच्या बाबतीत तोच प्रश्न आपण बिनदिक्कत छापील अर्जात विचारतो.

काही मर्यादा तर मर्यादा म्हणून ओळखूही येत नाहीत. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय पत्रिकेवर घराला सरसकट ३५ किलो. सात माणसांच्या घराला दोन्ही सारखंच. आठवं माणूस आलं की अंत्योदयातल्या, म्हणजे सर्वांत गरीब समजलेल्या, घराला माणशी ४.३७५ किलो मिळतं, तुलनेने बऱ्या स्थितीतल्या घरापेक्षा कमी! कुणी मुद्दाम मोठ्या कुटुंबांना वगळायला बसलं नव्हतं. घर हे एकक धरलं की असं आपोआप होतं.

मुलींचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत गंभीर आहे. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, ही वृत्ती असेल तिथे मोठी कुटुंबं ही बहुधा मुलींची कुटुंबं असतात. पहिल्या दोन मुली, तिसरीही मुलगी, मग मुलगा. म्हणजे संख्येची अट घातली की कात्री सरासरीने मुलींच्या घरांवर जास्त चालते. अट कडक असेल, तिच्यात गमावण्यासारखं खूप असेल, तर दुसरंच काही घडतं. पंचायत निवडणूक लढवण्यासाठीच्या दोन अपत्यांच्या नियमाचा अनेक राज्यांत अभ्यास झाला, त्यात तिसऱ्या जन्मांचं प्रमाण घटलेलं दिसलं, पण पहिली मुलगी असलेल्या उच्च जातींच्या कुटुंबांत पुढच्या जन्मांतलं मुलग्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मूल नको आणि मुलगी तर नकोच, असा त्याचा अर्थ. आणि हे सगळं कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाचा जननदर २.० वर आलेला आहे, महाराष्ट्राचा १.७. आंध्र प्रदेशाने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढूनच टाकली.

अट राबवण्याचा त्रास धोरण लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतो. ‘अपत्य’ म्हणजे कोण? हयात मुलं मोजायची की जन्मलेली सगळी? दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर? दोघांचीही दुसरी लग्नं, दोघांचीही आधीची मुलं, तर त्यांचं पहिलं सामाईक मूल कितवं? दत्तक दिलेलं मूल कुणाच्या खात्यात? प्रत्येक प्रश्नाला एक परिपत्रक, प्रत्येक परिपत्रकाला एक प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या आसपास एक मध्यस्थ. काही घरं मग तिसऱ्या मुलाची नोंदच लांबवतात किंवा ते दुसऱ्याच्या नावावर दाखवतात. वाचलेल्या भत्त्यापेक्षा हे नुकसान मोठं असतं, कारण जन्मदाखला नसलेलं मूल पुढे शाळाप्रवेशापासून प्रत्येक दारात अडतं.

मग पैसा खरोखरच कमी असेल तर काय करायचं? माझा क्रम असा राहील. आधी रक्कम सगळ्यांसाठी थोडी कमी ठेवावी, पण एकही मूल बाहेर ठेवू नये. त्यानंतर उत्पन्न वाढेल तसा भत्ता हळूहळू कमी करत न्यावा. कॅनडाने २०१६ मध्ये सुरू केलेला बालभत्ता असाच चालतो. तेही पुरलं नाही तर वयाकडे पाहावं, पहिल्या पाच-सहा वर्षांना झुकतं माप द्यावं, कारण तेव्हाचं कुपोषण नंतर भरून निघत नाही. दर उतरता ठेवणं हा त्यानंतरचा पर्याय. रक्कम शक्यतो आईच्या खात्यात जावी.

मर्यादा कुठेच चालणार नाही असं मात्र मी म्हणत नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या दोन मुलांपुरता शिक्षण भत्ता किंवा आयकरात दोन मुलांच्या शिक्षण शुल्कापुरती वजावट यांवर मी भांडत बसणार नाही. ते नोकरीचे किंवा कराचे लाभ आहेत, तिथे मुलाच्या पोटाचा प्रश्न नसतो. कुटुंब नियोजनाचं बक्षीस म्हणून दिलेली एकरकमी रक्कमही वेगळी गोष्ट. फक्त तिला ‘बालकल्याण’ म्हणू नये.

आणि कुठे अट उठवायची ठरलीच तर दोन गोष्टी तपासा. सवलत नव्याने जन्मणाऱ्यांनाच आहे की आधी वगळलेल्या मुलांनाही? दुसरं, तीच मर्यादा वेगळ्या नावाने कायम तर नाही ना? ब्रिटनमध्ये दोन अपत्यांची अट निघाली तरी एका घराला मिळणाऱ्या एकूण मदतीवरची २०१३ पासूनची कमाल मर्यादा वेगळीच आहे. त्या मर्यादेला आधीच टेकलेल्या मोठ्या कुटुंबांच्या हाती अट उठल्यावरही जादा काही पडत नाही.